उन्हाळी टायर आणि हिवाळी रस्ता : रबराच्या तापमानमर्यादेचे शास्त्रीय व व्यावहारिक विवेचन

सारांश

मोटारीचा टायर हा वाहन आणि रस्ता यांना जोडणारा एकमेव दुवा आहे. वेगवान मोटारींसाठी बनविलेले उच्च कार्यक्षमतेचे उन्हाळी टायर उष्ण हवामानात उत्तम पकड देतात, परंतु कडाक्याच्या थंडीत तेच टायर धोकादायक ठरतात. या बदलाचे मूळ रबर या पदार्थाच्या रेणवीय रचनेत आहे. प्रस्तुत लेखात या घटनेची भौतिकशास्त्रीय कारणमीमांसा केली असून, जर्मनीतील हिवाळी टायरविषयक कायद्याची वाटचाल आणि वाहनचालकांमधील प्रचलित गैरसमज यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : रबर, काच-संक्रमण तापमान, घर्षण, उन्हाळी टायर, हिवाळी टायर, रस्ता सुरक्षा.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील वाहनधारक टायर खरेदी करताना त्याचा आकार, कंपनी, किंमत आणि फार तर नक्षीची खोली पाहतो. टायर उन्हाळी आहे की हिवाळी, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही आणि दुकानदारही तो विचारत नाही. याचे कारण सरळ आहे. ज्या प्रदेशात पारा शून्याजवळ क्वचितच जातो, तेथे टायरची अशी विभागणी करण्याची गरजच निर्माण झाली नाही. आपल्याकडे विकला जाणारा मोटारीचा सर्वसाधारण टायर हा वस्तुतः उन्हाळी टायर असतो. त्याला दुसरा पर्याय परिचित नसल्यामुळे ते विशेषण त्याला कोणी लावत नाही, इतकेच.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडन, फिनलंड किंवा कॅनडा या देशांत मात्र ही विभागणी दैनंदिन व्यवहाराचा भाग आहे. तेथील बहुसंख्य मोटारधारकांकडे टायरचे दोन संच असतात आणि वर्षातून दोनदा ते बदलले जातात. जर्मनीत ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ हा हिवाळी टायरचा काळ असे मानण्याची लोकरूढी आहे. जर्मन भाषेत हे दोन्ही शब्द ‘ओ’ या अक्षराने सुरू होत असल्याने हा संकेत सहज लक्षात राहतो.

शिक्षण आणि नोकरीनिमित्त या देशांत जाणाऱ्या मराठी तरुणांची संख्या लक्षणीय आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला. त्यातील व्यवसायांमध्ये वाहनचालकांचाही समावेश आहे. तेव्हा हा विषय केवळ परदेशी कुतूहलाचा राहिलेला नाही. उष्ण प्रदेशात वाहन चालविण्याचा दीर्घ अनुभव असलेली व्यक्ती थंड प्रदेशात गेल्यावर तिचा अनुभव नेमका कोठे अपुरा पडतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) तापमानातील घट आणि रबराची पकड यांचा संबंध स्पष्ट करणे.
२) उन्हाळी व हिवाळी टायरच्या रचनेतील भेद विशद करणे.
३) जर्मनीतील संबंधित कायद्याच्या विकासक्रमाचा आढावा घेणे.
४) या विषयासंबंधीच्या प्रचलित गैरसमजांचे निराकरण करणे.

३. रबराचे स्वरूप आणि तापमान

रबर हे लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंचे बनलेले बहुवारिक आहे. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये व्हल्कनायझेशनची प्रक्रिया शोधून काढली. गंधकाच्या साहाय्याने या साखळ्या एकमेकींना ठिकठिकाणी जोडल्या गेल्या आणि उन्हाळ्यात चिकट व हिवाळ्यात कडक होणारे कच्चे रबर उपयुक्त पदार्थ बनले. ही प्रक्रिया रबराच्या उपयुक्ततेची तापमानकक्षा रुंदावते, परंतु ती अमर्याद करीत नाही.

पुरेशा उष्णतेत रबराच्या साखळ्या सतत वळवळत असतात. त्यामुळे दाब आला की रबर आकार बदलते व दाब गेला की पूर्ववत होते. तापमान उतरू लागले की ही हालचाल मंदावते. एका विशिष्ट तापमानकक्षेत साखळ्या जणू जागच्या जागी गोठतात आणि रबर काचेसारखे कठीण व ठिसूळ होते. या तापमानाला काच-संक्रमण तापमान असे म्हणतात. नैसर्गिक रबराचे काच-संक्रमण तापमान सुमारे उणे ७० अंश सेल्सियस असते, तर पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबराच्या काही प्रकारांचे ते उणे १०० अंशांच्या आसपास असते. टायरमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या स्टायरीन-ब्युटाडाइन रबरात स्टायरीनचे प्रमाण वाढविले की हे तापमान वर सरकते.

येथे एक शंका स्वाभाविकपणे उपस्थित होते. युरोपातील हिवाळ्यात तापमान उणे ५ किंवा उणे १० अंश असताना, त्याहून कितीतरी खाली काच-संक्रमण तापमान असलेले रबर निरुपयोगी का व्हावे? या शंकेचे उत्तर काळाच्या मापात आहे. प्रयोगशाळेत काच-संक्रमण तापमान मोजताना बदल संथ गतीने घडविला जातो. रस्त्यावर मात्र तसे नसते. चाक ताशी ५० किलोमीटर वेगाने फिरताना सेकंदाला साधारणतः सात फेरे घेते. ब्रेक लावल्यावर टायरचा पृष्ठभाग डांबरातील खडीच्या बारीक उंचवट्यांवरून घसरू लागतो, तेव्हा रबराच्या सूक्ष्म भागांवर सेकंदाला शेकडो ते लाखो वेळा आघात होतात. इतक्या जलद आघातांना प्रतिसाद देण्यास रेणुसाखळ्यांना अवधी मिळत नाही आणि रबर प्रत्यक्षात आहे त्याहून अधिक थंड असल्यासारखे वागते. काळ आणि तापमान यांच्यातील ही अदलाबदल विल्यम्स, लँडेल आणि फेरी या शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये एका समीकरणाच्या रूपाने मांडली. बहुवारिकांच्या अभ्यासात ते समीकरण आजही पायाभूत मानले जाते.

रबराच्या अशा शैथिल्याचे जीवघेणे उदाहरण टायरच्या क्षेत्राबाहेर घडले. २८ जानेवारी १९८६ रोजी सकाळी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी तापमान सुमारे २ अंश सेल्सियस होते. रॉकेटचे सांधे बंद ठेवणारी रबरी कडी थंडीमुळे आपली लवचीकता गमावून बसली होती. ११ फेब्रुवारी रोजी चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडविला. बाहेर काढून चिमटा सैल केल्यावर तो तुकडा लगेच पूर्ववत झाला नाही. रबर तुटलेले नव्हते. ते केवळ मंद झाले होते, आणि तेवढे पुरेसे ठरले.

४. पकड कशी निर्माण होते?

रबर आणि रस्ता यांच्यातील पकड प्रामुख्याने दोन मार्गांनी निर्माण होते. पहिला मार्ग आसंजनाचा होय. रबर रस्त्याच्या पृष्ठभागाला इतके निकट भिडते की दोहोंच्या रेणूंमध्ये क्षणिक आकर्षण निर्माण होते. दुसरा मार्ग ऊर्जाशोषणाचा. खडीच्या टोकावर दबलेले रबर पूर्ववत होताना दाबण्यासाठी खर्ची पडलेली सर्व ऊर्जा परत देत नाही. तिच्यातील काही भाग उष्णतेत रूपांतरित होतो आणि हाच ऱ्हास मोटारीच्या गतीला विरोध करतो. तंत्रज्ञ या गुणधर्मास हिस्टेरेसिस म्हणतात.

हा ऊर्जाऱ्हास रबर पूर्णतः लवचीक असताना कमी असतो आणि काचेसारखे झाल्यावरही कमी असतो. या दोन अवस्थांच्या मधल्या संक्रमणकक्षेत तो कमाल असतो. म्हणून टायर बनविणारा रसायनतज्ज्ञ मिश्रण असे योजतो की ब्रेक लावताना होणाऱ्या जलद आघातांच्या वेळी रबर नेमके त्या मधल्या कक्षेत असावे. उच्च कार्यक्षमतेच्या उन्हाळी टायरमध्ये अधिक स्टायरीन असलेले रबर, रेझिन आणि सिलिका यांच्या योगाने हे साधले जाते. १९९२ मध्ये मिशेलिन कंपनीने सिलिकायुक्त टायर बाजारात आणल्यापासून टायरच्या रसायनशास्त्राला नवी दिशा मिळाली.

मात्र उन्हाळी टायरचे मिश्रण २०, ३० किंवा ४० अंश तापमानाच्या रस्त्यावर संक्रमणकक्षेत राहील असे जुळविलेले असते. रस्ता शून्याला आला की तेच मिश्रण त्या कक्षेतून सरकून कठीण अवस्थेकडे जाते. खडीच्या उंचसखल भागात शिरण्याची त्याची क्षमता घटते, म्हणून आसंजन कमी होते. आकार बदलण्याचे प्रमाण घटते, म्हणून ऊर्जाऱ्हासही कमी होतो. पकडीचे दोन्ही मार्ग एकाच वेळी आकसतात. टायर सदोष असल्यामुळे हे घडत नाही. उष्णतेत ज्या गुणामुळे तो श्रेष्ठ ठरतो, त्याच गुणाची ही दुसरी बाजू आहे. टायर जितका उष्ण हवामानासाठी पराकोटीला नेलेला, तितकी त्याची थंडीतील घसरण तीव्र.

याशिवाय आणखी एक धोका संभवतो. उच्च कार्यक्षमतेच्या काही उन्हाळी टायरमध्ये अतिथंड तापमानात पृष्ठभागाला तडे जाऊ शकतात किंवा ट्रेडचे तुकडे निघू शकतात. त्यामुळे काही उत्पादक उणे ७ अंशांच्या आसपास वा त्याखाली अशा टायरवर मोटार चालवू नये, एवढेच नव्हे तर ती जागची हलवूही नये, असा इशारा देतात. असे तडे पुन्हा सांधत नाहीत आणि टायर बदलणे हाच उपाय उरतो.

५. हिवाळी टायरची रचना

हिवाळी टायरचा इतिहास फिनलंडपासून सुरू होतो. आज नोकियन या नावाने परिचित असलेल्या उद्योगाने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी जगातील पहिला हिवाळी टायर बनविला. १९३६ मध्ये मोटारींसाठीचा ‘हक्कापेलिट्टा’ हा टायर आला व ते नाव आजही प्रचारात आहे.

हिवाळी टायरचे वेगळेपण दोन बाबींत आहे. पहिली बाब मिश्रणाची. नैसर्गिक रबर व पॉलिब्युटाडाइन यांचे प्रमाण वाढवून त्याची संक्रमणकक्षा खाली आणलेली असते. दुसरी बाब नक्षीची. ट्रेडच्या ठोकळ्यांवर सुरीने चिरा द्याव्यात तशा असंख्य बारीक नागमोडी चिरा असतात. त्यांना साइप म्हणतात. चाक फिरताना या चिरा उघडतात, बर्फात कडा रोवतात आणि बर्फाचे कण आपल्यात धरून ठेवतात. बर्फाला बर्फ चांगला चिकटतो. त्यामुळे खाचांत साचलेला बर्फ येथे अडथळा न ठरता साहाय्यक ठरतो. चिखलात टायरच्या खाचा भरल्या की चाक फिरत राहते, या आपल्याकडील अनुभवाच्या हे नेमके उलट आहे.

गोठलेल्या पाण्याचा पारदर्शक थर हा भुसभुशीत हिमापेक्षाही फसवा असतो. शून्याच्या किंचित खाली असलेला असा बर्फ अतिथंड बर्फापेक्षा अधिक निसरडा असतो. पुलांना खालूनही थंड हवा लागत असल्याने लगतच्या रस्त्याआधी पुलावरील पाणी गोठते, ही बाब नवख्या चालकाच्या ध्यानी येत नाही.

६. सात अंशांचा संकेत

तापमान ७ अंशांखाली गेले की हिवाळी टायर लावावेत, असा संकेत युरोपात रूढ आहे. या आकड्याला भौतिकशास्त्रीय सीमारेषा समजणे योग्य नाही. रबराचे गुणधर्म क्रमाक्रमाने बदलतात आणि प्रत्येक मिश्रणाचा उतार निराळा असतो. किंबहुना ३ ते ५ अंश तापमानाच्या स्वच्छ, कोरड्या रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर काही वेळा हिवाळी टायरपेक्षा कमी अंतरात थांबतो. हिम आणि बर्फावर मात्र हिवाळी टायरची सरशी निर्विवाद आहे. दुपारी ७ अंश असलेले तापमान पहाटे शून्याखाली जाऊ शकते, हे लक्षात घेता सदर संकेताचे मूल्य वेळेवर तयारी करविण्यात आहे.

७. थांबण्याचे अंतर : एक गणिती उदाहरण

ब्रेक लावल्यानंतर मोटार थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि घर्षण गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. ताशी ५० किलोमीटर वेग गृहीत धरल्यास घर्षण गुणांक ०.८ असताना हे अंतर सुमारे १२ मीटर, ०.३ असताना सुमारे ३३ मीटर आणि ०.२ असताना सुमारे ४९ मीटर येते. चालकाचा प्रतिक्रिया-काळ यात धरलेला नाही. हे गुणांक केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

या आकड्यांचा खरा अर्थ तुलनेतून उलगडतो. दोन मोटारी शेजारी शेजारी धावत असून एकीचा गुणांक ०.३ व दुसरीचा ०.२ आहे असे मानू. दोन्ही चालकांनी एकाच क्षणी ब्रेक लावला. पहिली मोटार ज्या ठिकाणी पूर्णपणे थांबते, त्याच ठिकाणाहून दुसरी मोटार अद्याप ताशी सुमारे २९ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. गुणांकातील फरक अवघा ०.१ आहे. त्या जागी रस्ता ओलांडणारी व्यक्ती असेल, तर हा फरक जीवनमरणाचा ठरतो.

८. कायद्याची वाटचाल : जर्मनीचे उदाहरण

पदार्थाचा गुणधर्म कायद्याच्या भाषेत मांडणे किती कठीण असते, याचे जर्मनी हे बोलके उदाहरण आहे. २००६ मध्ये तेथील वाहतूक नियमांत वाहनाची सज्जता हवामानास अनुरूप असावी आणि टायर ‘योग्य’ असावेत, अशी तरतूद करण्यात आली. ‘योग्य’ म्हणजे काय, हे मात्र स्पष्ट केले गेले नाही. जुलै २०१० मध्ये ओल्डेनबर्ग येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाने ही तरतूद दंड करण्याइतकी सुनिश्चित नसल्याने घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. कोणते कृत्य दंडनीय आहे हे नागरिकाला आधी कळले पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते.

त्यानंतर ४ डिसेंबर २०१० पासून सुधारित नियम अमलात आला. रस्त्यावर बर्फाचा थर, हिमामुळे आलेला निसरडेपणा, अर्धवट वितळलेले हिम किंवा गोठलेले दव असल्यास हिवाळी टायर बंधनकारक झाले. येथे दिनदर्शिकेऐवजी रस्त्याच्या प्रत्यक्ष स्थितीला आधार मानले आहे, हे उल्लेखनीय होय. याउलट कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या ठरावीक काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत.

तरीही एक त्रुटी राहिली. २०१० च्या नियमात टायरवरील ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल व हिम, ही खूण पुरेशी मानली होती. ही खूण उत्पादक स्वतःच लावीत असे आणि तिच्यासाठी हिमावरील ठरावीक चाचणीची अट नव्हती. म्हणून १ जानेवारी २०१८ पासून उत्पादित टायरसाठी तीन शिखरांचा पर्वत व त्यात हिमकण असे चिन्ह आवश्यक करण्यात आले. हे चिन्ह हिमावरील चाचणीत उत्तीर्ण झाल्यावरच मिळते. केवळ जुनी खूण असलेल्या टायरची सवलत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. नियमभंगासाठी चालकास किमान ६० युरो दंड व नोंदवहीत एक गुण अशी शिक्षा आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी निष्काळजीपणाचा मुद्दा उपस्थित करू शकते, ती बाब निराळीच.

९. प्रचलित गैरसमज

पहिला गैरसमज असा की टायर नवा आणि नक्षी खोल असेल तर तो कोणत्याही ऋतूत सुरक्षित असतो. वरील विवेचनावरून स्पष्ट होते की नक्षी शाबूत असूनही मिश्रण कठीण झालेले असू शकते. उभ्या मोटारीचा टायर पाहून हे कळत नाही.

दुसरा गैरसमज चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या मोटारींविषयी आहे. अशी मोटार निसरड्या रस्त्यावर सहज पुढे सरकते, परंतु थांबण्याच्या वेळी तिला विशेष लाभ मिळत नाही. कारण ब्रेक प्रत्येकच मोटारीत चारही चाकांना असतात. सहज वेग घेता आल्यामुळे चालकाचा फाजील विश्वास मात्र वाढतो.

तिसरा गैरसमज एबीएससारख्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांविषयीचा. या यंत्रणा उपलब्ध पकडीचा उत्तम विनियोग करतात, पण नसलेली पकड निर्माण करू शकत नाहीत.

चौथा गैरसमज असा की शक्ती मिळणाऱ्या दोन चाकांनाच हिवाळी टायर लावले तरी भागते. पुढे हिवाळी व मागे उन्हाळी टायर असल्यास वळणावर मागची चाके आधी सुटतात आणि मोटार स्वतःभोवती फिरते. चारही टायर एकाच प्रकारचे असणे आवश्यक आहे.

पाचवी बाब हवेच्या दाबाची. बंदिस्त हवेचा निरपेक्ष दाब निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात असतो. २५ अंशांना ३३ पीएसआय भरलेल्या टायरमध्ये उणे ५ अंशांना सुमारे २८ पीएसआय दाब उरतो. पंक्चर नसतानाही दाब उतरतो, म्हणून थंडीत तो वारंवार तपासावा लागतो. हवा मुद्दाम कमी ठेवल्याने कठीण झालेले रबर मऊ होत नाही, उलट वळणावरील स्थैर्य बिघडते.

१०. निष्कर्ष

१) उन्हाळी टायरची थंडीतील असमर्थता ही त्याच्या मिश्रणाच्या संक्रमणकक्षेचा अटळ परिणाम आहे. टायरची गुणवत्ता किंवा किंमत अधिक असल्याने ती टळत नाही. अनेकदा अधिक महाग, अधिक कार्यक्षम उन्हाळी टायरच थंडीत अधिक असमर्थ ठरतो.
२) हाच नियम उलट दिशेनेही लागू आहे. हिवाळी टायर उन्हाळ्यात लवकर झिजतात आणि तप्त रस्त्यावर अधिक अंतराने थांबतात. सर्व तापमानांत सर्वोत्तम असा टायर नाही.
३) ७ अंशांचा संकेत पूर्वतयारीसाठी उपयुक्त आहे. हिम व बर्फ असलेल्या रस्त्यावर मात्र चाचणी उत्तीर्ण केलेल्या हिवाळी टायरला पर्याय नाही.
४) कायद्याला परिणामकारक होण्यासाठी मोजता येणाऱ्या निकषांचा आधार लागतो, हे जर्मनीतील २००६ ते २०२४ या काळातील बदलांवरून दिसून येते.
५) परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांत होणाऱ्या मार्गदर्शनात भाषा, व्हिसा व निवास यांबरोबर या विषयाचाही समावेश व्हावा. मोटार भाड्याने वा जुनी विकत घेताना टायरवरील पर्वत-हिमकणाचे चिन्ह पाहणे आणि नक्षीची खोली कायदेशीर किमान १.६ मिलिमीटरवर न थांबता ४ मिलिमीटर असल्याची खात्री करणे, या दोन गोष्टी सांगण्यास पाच मिनिटे पुरतात.

भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या वर्गात काच-संक्रमण तापमान शिकविले जाते, तेव्हा ते बहुधा आलेखावरील एका वळणापुरते उरते. तेच वळण थंड देशातील एखाद्या पुलावर पहाटेच्या वेळी विद्यार्थ्याच्या वाट्याला येऊ शकते. वर्गातील आलेखाचा हा संदर्भ अध्यापनात आल्यास संकल्पना पक्की होईल आणि ती योग्य वेळी उपयोगीही पडेल.